बोरखेडवर गारा कुणी लोटल्या?

परभणीत मला नावानं ओळखणारे थोडेच. बाजारात, स्टेशनावर, न्हाव्याच्या दुकानात मी 'मौसमवाले'. हैदराबादची राजवट गेली तशी दफ्तरातून उर्दू निघून गेली होती, पण लोकांच्या तोंडातून जायला ती तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायचं. गावाबाहेर सरकारी शेतीफार्म होता. त्याच्या कडेला, तारेच्या कुंपणात, आमची वेधशाळा. वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घुमट आणि दुर्बीण उभी राहते. आमच्याकडे होतं झडपांचं एक पांढरं खोकं, त्यात थर्मामीटर. शेजारी पाऊस मोजायचं भांडं, खांबावर वारा दाखवणारा बाण आणि खोलीत पाऱ्याचा बॅरोमीटर. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला हे सगळं वाचायचं, वर बघून ढगांची जात ठरवायची आणि त्याचे आकडे तारेनं वर कळवायचे, एवढंच माझं काम. अंदाज वर्तवणारे शहाणे मोठ्या शहरात बसलेले. मी नुसता नाडी बघून कळवणारा कंपाउंडर.

पण हे परभणीला कोण पटवणार? एक वकील रोज कोर्टात जाताना सायकल थांबवून मला विचारायचे, "छत्री घेऊ का?" मी घ्या म्हटलं की ते छत्री न घेताच पुढे जात, आणि सांगायला लाज वाटते, पण कोरडे परत येत. एका मुलीच्या बापानं वैशाखातल्या लग्नाआधी मला पेढे आणून दिले, जणू त्या दिवसाचं आभाळ माझ्याच खिशात होतं. ऐन अक्षता पडताना वळीव कोसळला. त्यांनी पेढे परत मागितले नाहीत, पण ओळख तोडली. असल्या गिऱ्हाइकांचं हसू यायचं. मात्र रात्री अंथरुणावर पडलं की हसू टिकत नसे. आभाळ बिघडणार हे मला कळायचं, पण ते कुणाच्या शेतावर बिघडणार हे कळत नसे, आणि उघड्यावर कापून टाकलेली ज्वारी सगळ्या जिल्ह्यात असायची.

फाल्गुन लागला की माझं जेवण कमी व्हायचं. कारण सांगतो. हवा ही सगळीकडे एकच वस्तू नाही. ज्या मुलखावर ती बरेच दिवस बसून राहते, त्या मुलखाचा गुण तिला लागतो. वायव्येकडच्या वाळवंटावरून येणारी हवा कोरडी आणि हलकट. ओठ फोडते, पण पिकाला काही करत नाही. पूर्वेच्या समुद्रावरून येणारी हवा ओली, जड, अंगाला चिकटणारी. फाल्गुनात कधी कधी या दोघी आमच्याच मुलखावर समोरासमोर येतात. एकमेकींत त्या चटकन मिसळत नाहीत. मधे एक सीमा धरून राहतात. थंड देशांत म्हणे ही सीमा नकाशावर जाड रेघ ओढून दाखवता येते. आमच्याकडे ती वाकडीतिकडी, ढिली. आज गंगेच्या अलीकडे, उद्या पलीकडे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. या सीमेवर ओल्या हवेला वर ढकललं जातं, आणि त्यातच उंचावरून उत्तरेचा गारठा आला की ढग डोंगराएवढा वाढतो. त्याच्या पोटात थेंब गोठतात, पडू लागतात, पुन्हा वर उचलले जातात, आणि दर खेपेला बर्फाचं एक पुट चढतं. मोठी गार फोडून बघा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

मला याची चाहूल लागायची ती दोन थर्मामीटरांतून. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. एरवी उन्हाळ्यात दोघांत पुष्कळ अंतर असतं. ते अंतर एकाएकी कमी झालं आणि खांबावरचा बाण वायव्येकडून आग्नेयेकडे फिरला, की समुद्राची हवा दारात आली असं समजायचं. मग मी दिवसभर कारण नसताना बाहेर येऊन बघत बसायचो.

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत वेगळा होता खडकवाडीचा सटवाजी गारपगारी. आजच्या वाचकाला गारपगारी समजावून सांगावा लागेल. पूर्वी आमच्या भागात बऱ्याच गावांना गारा अडवणारा माणूस असायचा. सुतार-कुंभारासारखं त्याचंही घर गावाशी बांधलेलं, आणि खळ्यावर त्यालाही धान्याचा वाटा. आभाळ भरून आलं की यानं अंगाला भस्म लावायचं, केस मोकळे सोडायचे आणि हातात विळा घेऊन शिवेवर उभं राहायचं. मग हातवारे करून, मंत्र म्हणून ढगाला आपल्या शिवारावरून दुसरीकडे वळवायचं. डोक्यावर घोंगडी किंवा टोपलं घ्यायचं नाही, अशी सक्त अट. गारा बसल्या तर अंगावर बसू द्यायच्या. सटवाजी साठीचा असेल. उंच, वाळलेला, कपाळावर जुन्या जखमांचे वण.

पाथरी आणि सोनपेठच्या मधे, गंगेकाठच्या काळ्या रानात त्याचं गाव. परभणीच्या बाजाराला आला की तो वेधशाळेत डोकावायचाच. पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला होता, "तुमाला सरकारनं ठिवलंय, मला गावानं. काम येकच हाय." मला तेव्हा राग आला. मी शिकलेला, परीक्षा देऊन लागलेला माणूस, आणि हा भस्म फासणारा मला आपला भाऊबंद म्हणतो. पण पुढे त्याची मला सवय झाली. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरपुढे तो हात जोडायचा, आणि मी वाऱ्याचं काही सांगितलं तर मन लावून ऐकायचा. एकदा मी त्याला खवचटपणे विचारलं, ढग वळवता, मग तो जातो कुठं? गंगेत नाहीतर पडीक रानात, असं तो म्हणाला. तिकडं गाव असलं तर? त्याला हा प्रश्नच कळला नाही. "तितं त्यांचा गारपगारी आसतोच की," तो म्हणाला.

त्या पुढल्या गावाचा, म्हणजे बोरखेडचा, गारपगारी त्याचा व्याही होता. लिंबाजी त्याचं नाव. खडकवाडीच्या पूर्वेला बोरखेड, मधे एक ओढा. सटवाजीनं आपली एकुलती एक मुलगी गिरजा लिंबाजीच्या मुलाला दिली होती. पोर डोळ्यांपुढं राहील, ओढा ओलांडला की भेटता येईल, एवढाच त्यानं विचार केलेला.

आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एका फाल्गुनातली ही गोष्ट. बाजाराचा दिवस होता. सकाळी खोकं उघडलं. ओल्या-कोरड्याचं अंतर रात्रीत निम्म्यावर आलं होतं, बाण आग्नेयेला, पारा उतरत चाललेला. सटवाजी आला तेव्हा मी तार लिहीत होतो. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यानं विचारलं, काय हाय? मी म्हणालो, उद्यापर्यंत तुमच्याकडे काहीतरी होईल असं मला वाटतं, गावात सांगा, कापलेलं झाकून घ्या. तो बाजार न करताच मोटारीला धावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैर्ऋत्येला ढग चढला. त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला होता आणि बूड हिरवट काळं होतं. ते हिरवट काळं मला ओळखीचं होतं. फार्मवरच्या माणसांनी ज्वारीच्या पेंढ्यांवर ताडपत्र्या ओढल्या. मी कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिलो. त्या ढगाखाली तो म्हातारा बिनटोपल्याच्या डोक्यानं उभा असणार, हे मला माहीत होतं, आणि माझ्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं. परभणीवर टपोरे थेंब आणि वाटाण्याएवढ्या थोड्या गारा पडल्या. संध्याकाळी मी नेमानं आकडे कळवले. आकड्यांत माणूस कळवायची सोय नसते.

बातमी तुकड्यातुकड्यानं आली. मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं की खडकवाडी वाचली. मग भाजी घेऊन आलेल्या एकानं सांगितलं की बोरखेड झोपलं. गहू आडवा, हरभरा मातीत, कापलेल्या ज्वारीची कणसं फुटून काळी पडलेली, मेंढरं मेलेली. गारा नेहमी अशाच पडतात. पट्टा अरुंद असतो. ओढ्याच्या या काठाला पान हलत नाही आणि त्या काठाला झाडाला साल उरत नाही. सटवाजी जिवंत आहे हे ऐकून मला बरं वाटलं, आणि पुढचं काही मी ओळखलं नाही.

पाडवा होऊन गेला, आणि एका सकाळी तो वेधशाळेच्या फाटकाशी बसलेला दिसला. आत यायला तयार नव्हता. बोरखेडच्या लोकांनी ओढ्याच्या पलीकडून त्याला शिवेवर हात हलवताना बघितलं होतं. ढग खडकवाडीवर आला, तिथून सरकला आणि त्यांच्यावर फुटला. सटवाजीनं आपल्यावर गारा लोटल्या, यात बोरखेडला शंका नव्हती. गावानं लिंबाजीला बजावलं, की त्याची पोर तुझ्या घरात आहे तोवर तुला खळ्यावर पाऊल टाकू देणार नाही. लिंबाजी वाईट माणूस नव्हता, पण खायला काय घालणार? गिरजाला बापाच्या घरी आणून सोडलं. ती पोटुशी होती.

"तुमी तितं चला," सटवाजी म्हणाला. "गावाला सांगा, की ह्या म्हाताऱ्याच्या हातात काय न्हाई. वारं नेतंय ढगाला. तुमी सरकारी मानूस, तुमचं आयकतील."

सरकारी नोकरानं रजेवर जाऊन दुसऱ्याच्या गावात, मारुतीच्या पारावर, सोयरिकीच्या भांडणात बोलावं का? पिकं गेलेली माणसं चिडलेली असणार. मलाच धरून मारलं तर? आणि खरी भीती वेगळी होती. मी खरं तेच सांगितलं, तर गिरजा सासरी जाईल, पण तिचा बाप काय उरेल? घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली की वाळवणं कधी घालू, छत्री घेऊ का, असलं विचारायला अख्खा जिल्हा येतो आणि त्यांना तुम्ही उत्तर देता, तर पहिल्यांदा कुणी कामाचं विचारलंय तेव्हा पाय कशाला ओढता? तिच्यापुढे माझं सहसा चालत नाही.

सटवाजी आणि मी मोटारीनं गेलो आणि पुढं पायी. खडकवाडीहून गिरजाला बरोबर घेतलं. अंगानं बारीक, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ओढा ओलांडला तशी कुजक्या कडब्याची घाण नाकात शिरली. पारावर बरीच माणसं जमली होती. कुणी राम राम घातला नाही. लिंबाजी एका बाजूला खाली मान घालून बसला होता, त्याचा मुलगा त्याच्या मागं. गिरजा देवळाच्या भिंतीशी बायकांत जाऊन बसली.

एक तरुण शेतकरी आधीच उठून उभा राहिला. त्याचा गहू गेला होता. "सायब, तुमी परभनीत हुतावं. आमी हितं हुतो. ढग खडकवाडीच्या शिवंला आला अन् तितून वळला. ह्यो इळा फिरवायलाय, अन् ढग वळायलाय. डोळ्यानं बघितलंय आमी."

तुम्ही बघितलं ते खरं आहे, असं मी म्हणालो. त्यामुळं लोक थोडे सैल झाले. मग मी पाटलांच्या घरून घंगाळात कढत पाणी मागवलं आणि काठावरून हलक्या हातानं त्यात विसणाचं गार पाणी सोडलं. ढवळू दिलं नाही. पाटलांना हात घालायला सांगितला. वर कढत, खाली गार. हे घरोघरच्या बायकांना माहीतच होतं, त्या हसल्या. मी म्हणालो, हवेचंही असंच आहे. दोन मुलखांच्या दोन हवा भेटल्या की लगेच एक होत नाहीत. गार ती खाली शिरते, गरम ती वर उचलली जाते, आणि त्या भेटीच्या जागी हे वादळ उठतं. त्या दिवशी ती जागा तुमच्या डोक्यावर होती. आदल्या दिवशीच मला परभणीत त्याचा वास लागला होता, तेव्हा सटवाजी विळा घेऊन नाही, पिशवी घेऊन माझ्या दारात उभा होता.

"वळला कसा, ते सांगा," तो तरुण म्हणाला.

मी त्याला विचारलं, तिपाईवर उभं राहून धान्य उपणता, तेव्हा भुसकट कुठं पडायचं ते कोण ठरवतं?

"वारं."

उपणणाऱ्यानं हात हलवले तर?

मी म्हणालो, ढग त्या भुसकटासारखा वरच्या वाऱ्यानं जातो. खाली आपल्याला लागतं ते वारं वेगळं, वरचं वेगळं. त्या दिवशी वरचं पश्चिमेकडून होतं आणि तुमचं गाव खडकवाडीच्या पूर्वेला आहे. सटवाजी घरात झोपून राहिला असता तरी गारा इथंच पडल्या असत्या.

मला वाटलं होतं, एवढ्यावर सुटू. पण तो तरुण हुशार होता. त्यानं माझ्याकडे नाही, सटवाजीकडे बघितलं. "मंग ह्यो हितकी वर्सं काय करायलाय?"

माझ्या शब्दांनी मी म्हाताऱ्याला जिथं आणून उभं केलं होतं तिथून त्याला मागं ओढायला माझ्याजवळ काही नव्हतं. सटवाजी उठला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि मारुतीच्या पायरीवर ठेवलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "मी नुस्ता हुबा ऱ्हातो. मला आभाळ वळवायला येत न्हाई. माज्या बापालाबी येत नव्हतं."

पाटलांनी लिंबाजीकडे बोट केलं आणि विचारलं, "अन् आमचा ह्यो?"

"त्यांचं मला ठावं न्हाई," सटवाजी म्हणाला. "मी माजं सांगितलं."

लिंबाजीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. मग पाटील म्हणाले की ज्याला वळवता येत नाही त्यानं लोटल्या असं म्हणता येत नाही, तेव्हा पोरीला घरात घ्या आणि हा विषय बंद करा. तो तरुण उठून गेला. त्याचा गहू तर परत येणार नव्हता.

गिरजा भिंतीजवळून उठली. ती सरळ सासूकडे जाईल असं मला वाटलं, पण ती पायरीशी आली, मुंडासं उचललं, त्याची धूळ झटकली आणि बापाच्या हातात दिलं. मग त्याच्या पाया पडली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. माझ्यावरून तिची नजर गेली तेव्हा मी खाली बघितलं. सासूनं तिचा हात धरला आणि दोघी घराकडे गेल्या. माझं काम झालं होतं, आणि तरी मला कुणाचं तरी घर पाडून निघाल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही खडकवाडी बाजूला ठेवून सरळ मोटारीच्या रस्त्याला लागलो. मला पोचवायला म्हणून सटवाजी बरोबर आला. मुंडासं त्यानं काखेत धरलं होतं, डोक्याला बांधलं नव्हतं. त्याचे पिकले केस वाऱ्यानं उडत होते. मी दोन-तीनदा काही बोलायला गेलो: गिरजा सुखी होईल, लिंबाजी भला माणूस आहे, असलंच काहीतरी. तो हूं म्हणायचा. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली आम्ही मोटारीची वाट बघत बसलो. त्यानं चंची काढली, तंबाखू हातावर घेतली आणि तशीच धरून बसला.

"सायब."

मी त्याच्याकडे बघितलं.

"तुमी पारावर बोललाव, ते खरं हुतं, का पोरीपायी?"

मी एवढी वर्षं वारा, पारा आणि ढग वाचले होते, आणि त्या सगळ्याचं मिळून उत्तर एकच होतं. ते मला पाठ होतं, त्याच्यात कुठं शंका घ्यायला फट नव्हती. मोटारीचा आवाज लांबून येत होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, त्या दिवशी वेधशाळेत बघितलं होतं त्याहून जास्त भिऊन.

"पोरीपायी," मी म्हणालो.

त्यानं श्वास सोडला. तंबाखू तोंडात टाकली, काखेतलं मुंडासं काढलं आणि एकेक वेढा ओढून नीट बांधलं. मोटार थांबली, मी पायरीवर चढलो, तेव्हा त्यानं खालून माझ्या हाताला हात लावला.

"लय चांगलं बोललाव, सायब," तो म्हणाला. "येका घडीला मलाबी खरं वाटलं हुतं."